दुरून सुरू होणारी गाडी : सोय किती आणि जोखीम किती

निमाड आणि खानदेश यांच्या सांध्यावर वसलेल्या आमच्या बऱ्हाणपूरचा वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्यास भर दुपारी उन्हात तीन तास उभी राहिलेली मोटार ही काय चीज असते, हे सांगावयास नको. दाराच्या कड्यास हात लावता येत नाही, सुकाणूचे चाक धरवत नाही, आणि मागील आसनावर बसावयाचे म्हटले की घरातील वृद्ध मंडळी व लहान मुले उंबऱ्यावरच थबकतात. अशा वेळी पेढीवर बसल्या बसल्या खिशातील एक कळ दाबावी, खाली उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन आपोआप सुरू व्हावे, आतील वातानुकूल यंत्र चालू लागावे आणि आपण जिना उतरून जाईतो गाडी गार झालेली असावी, ही कल्पना कोणास मोह घालणार नाही? ह्या यंत्रास बाजारात ‘रिमोट स्टार्टर’ असे म्हणतात. आपल्या संघाच्या कित्येक सभासदांनी तो बसवून घ्यावा की नाही, अशी पृच्छा आमच्याजवळ केली. उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नसल्यामुळे हा विषय स्मरणिकेत सविस्तर मांडणे आम्हांस इष्ट वाटले.

प्रथम थोडा इतिहास. आज साठी-सत्तरी गाठलेल्या वाचकांस हँडल मारून सुरू होणारी मोटार आठवत असेलच. अ‍ॅम्बॅसडर गाडीबरोबर लोखंडी हँडल येत असे, आणि हिवाळ्याच्या सकाळी बॅटरी मंदावली म्हणजे त्याचा शोध सुरू होई. हे काम जोराचे होते तसेच धोक्याचेही होते. इंजिनाने उलट तडाखा दिला म्हणजे मनगट मोडे, आणि प्रसंगी त्याहून वाईट घडे. अमेरिकेतील मोटार-कारखानदार बायरन कार्टर हे १९०८ साली वारले. बंद पडलेल्या गाडीचे हँडल फिरविताना बसलेला तडाखा त्यांना भोवला, आणि त्या दुःखामुळेच कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी ह्या हँडलातून सुटका शोधण्याचा निश्चय केला, अशी कथा सांगतात. कथेत पदर किती आणि धागा किती हे बाजूस ठेवू. इतके मात्र खरे की चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली विजेवर चालणारी सुरुवातीची मोटार १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत बसून आली आणि हँडलाचे युग मावळू लागले. ज्यास आपले चालक ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच. मोटार हाकणे हे केवळ दणकट पुरुषांचे काम राहिले नाही, हा त्याचा मोठा सामाजिक परिणाम होय.

आपल्याकडे हा परिणाम खऱ्या अर्थाने दुचाकीने घडवून आणला, आणि त्यात आपल्या समाजातील एका घराण्याचा वाटा आहे, हे येथे नमूद करण्यात आम्हांस आनंद वाटतो. अहमदनगरच्या फिरोदिया कुटुंबाने किनेटिक कंपनीच्या द्वारे १९७२ साली ‘लुना’ ही छोटी गाडी बाजारात आणली. त्यानंतर १९८४ साली जपानच्या होंडा कंपनीच्या सहकार्याने आलेली ‘किनेटिक होंडा’ स्कूटर तर आपल्याच मध्य प्रदेशात, पीथमपूर येथे तयार होत असे. तिला गिअर नव्हता आणि नुसते बटण दाबले की ती सुरू होई. तत्पूर्वी स्कूटर एका अंगास कलती करून, मग लाथेवर लाथ मारून, घामाघूम होऊन ती सुरू करणे हा पुरुषवर्गाचा नित्याचा प्रातःकालीन व्यायाम होता! साडी नेसलेल्या गृहिणीस तो कोठून जमणार? बटणाने ती अडचण दूर केली, आणि अनेक घरांतील सुना व लेकी स्वतःच्या वाहनाने देरासरास, शाळेस आणि बाजारास जाऊ लागल्या.

हँडलापासून बटणापर्यंतचा हा प्रवास निर्विवाद हिताचा झाला. तथापि एक गोष्ट ह्या सर्व काळात कायम होती. गाडी सुरू करणारा मनुष्य गाडीजवळ किंवा गाडीतच असे. रिमोट स्टार्टरने नेमकी हीच गोष्ट बदलली. आमच्या मते ह्या यंत्राच्या गुणदोषांचा सारा विचार याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

ह्या यंत्राचा विशेष प्रसार थंड देशांत झाला. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात काचेवर बर्फ साचते, आसने गोठतात. तेथील गृहस्थ न्याहारी करता करता कळ दाबून ठेवतो. आपल्याकडे कारण उलटे आहे. २०१९ साली आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू व किआ सेल्टोस यांसारख्या गाड्यांच्या काही प्रकारांत कंपनीनेच दुरून इंजिन सुरू करण्याची सोय दिली, आणि तेव्हापासून मध्यम वर्गीय ग्राहकासही तिची गोडी लागली. विजेवर चालणाऱ्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. त्यांत इंजिनच नसल्यामुळे केवळ वातानुकूल यंत्र दुरून चालू करता येते आणि पुढे सांगितलेल्या पुष्कळशा अडचणी त्यांस लागू पडत नाहीत. ज्याच्या नव्या गाडीत कंपनीनेच ही सोय दिली आहे, त्याने सोबतचे पुस्तक नीट वाचावे, एवढेच आमचे सांगणे. प्रश्न आहे तो जुन्या गाडीस बाहेरून हे यंत्र बसवून घेणाऱ्याचा.

असे यंत्र बसविताना काय काय करावे लागते, हे आम्ही मुद्दाम एका कारागिराच्या शेजारी अर्धा दिवस बसून पाहिले. सुकाणूखालचे आवरण उघडले की किल्लीच्या कुलपामागून निघणारा तारांचा जाडसर झुबका दिसतो. एक तार बॅटरीकडून सदैव प्रवाह आणते. किल्ली एक घर फिरविली की दुसरी जागी होते, आणखी फिरविली की तिसरी सेल्फला प्रवाह देते. नवे यंत्र म्हणजे वस्तुतः एक छोटी पेटी असते. किल्ली जे काम हाताने करविते तेच ही पेटी रिलेच्या द्वारे क्रमाने करते. इंजिनाने पकड घेतली की नाही हे तिला कळावे लागते, एरवी इंजिन चालू असतानाच ती सेल्फला प्रवाह देत राहील आणि दाते झिजवील. डिझेल गाडीत प्रथम तापविण्याच्या कॉइलसाठी काही क्षण थांबावे लागते. ब्रेकच्या पायपट्टीशीही एक तार जोडतात, जेणेकरून किल्ली न लावता कोणी गाडी हलवू पाहील तर ब्रेकवर पाय पडताच इंजिन बंद व्हावे. बॉनेटखाली एक लहान खटका बसवितात. बॉनेट उघडे असता गाडी दुरून सुरू होता कामा नये, हा त्याचा हेतू. मिस्त्रीचा हात पंख्याच्या पट्ट्याशी असताना मालकाने दुकानातून कळ दाबली, तर काय होईल याची कल्पनाही नको! तरी हा खटका ‘उगाच कशाला’ म्हणून पेटीतच ठेवून देणारे कारागीर आहेत, हे ध्यानात असावे.

ह्या सर्व तारा कशा जोडल्या जातात यावर गाडीचे आरोग्य अवलंबून असते. मूळ तार चाकूने सोलून, तिच्यावर दुसरी पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले, अशी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आमच्या उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद वितळतो आणि जोड उघडा पडतो. किल्लीच्या मागील तारांतून जाणारा प्रवाह थोडाथोडका नसतो. सैल जोड तापतो, आणि ठिणगी पडण्यास तेवढे निमित्त पुरते. यास्तव मूळ तार न तोडता दोन्ही बाजूंस जुळणारे सॉकेट असलेला जोडसंच मिळत असेल तर तोच घ्यावा. तो नसेल तर डाग देऊन केलेला जोड, आणि प्रत्येक मुख्य तारेवर योग्य क्षमतेचा फ्यूज, याबाबत व्यापाऱ्याने कंजूषपणा करू नये. यंत्राच्या किमतीत घासाघीस करावी, मजुरीत करू नये.

याहून नाजूक बाब किल्लीतील चिपची आहे. अलीकडील बहुतेक मोटारींच्या किल्लीत एक सूक्ष्म चिप असते. कुलपाभोवतीची कडी तिची खूण ओळखते, तेव्हाच इंजिन पेट घेते. चोरास अडविण्यासाठी ही योजना आहे. आता दुरून गाडी सुरू करावयाची म्हणजे किल्ली आपल्या खिशात आणि गाडीला तर किल्लीची खूण हवी! मग कारागीर सांगतो, ‘शेठजी, दुसरी चावी आणून द्या.’ ती दुसरी किल्ली, अथवा तिच्यातील चिप, डॅशबोर्डच्या आत कायमची लपवून ठेवली जाते. हजारो रुपयांचा पहारेकरी ठेवावयाचा आणि त्याच्याच उशाखाली तिजोरीची किल्ली ठेवावयाची, असा हा प्रकार झाला. काही यंत्रांत किल्ली न ठेवता तीच खूण विजेच्या संकेताने देण्याची सोय असते, ती तुलनेने बरी. गाडी वॉरंटीत असेल तर विक्रेत्यास, आणि विमा असेल तर विमा कंपनीस, अशा फेरफाराविषयी आधी लेखी विचारून ठेवावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

आता मुख्य धोका. आपल्याकडील बहुसंख्य गाड्या, आणि मालवाहू वाहने तर जवळजवळ सर्वच, हाताने गिअर टाकावयाच्या आहेत. उतारावर गाडी उभी करताना पहिला गिअर टाकून ठेवावा असे आपले उस्तादच शिकवितात, आणि ते योग्यही आहे. परंतु गिअरमध्ये असलेल्या गाडीस दुरून सेल्फ दिला तर ती जागची उसळते. इंजिनाने पकड घेतली तर चालूही लागते. पुढे भिंत असेल तर भिंत, पोते असेल तर पोते, आणि मूल असेल तर मूल. हा धोका ओळखूनच पुष्कळ नव्या गाड्यांत क्लच दाबल्यावाचून सेल्फ लागत नाही. रिमोट स्टार्टर बसविताना कारागीर ह्या क्लचच्या खटक्याच्या दोन तारा एकत्र जोडून तो निकामी करतो. म्हणजे ज्याने आपणांस वाचवावयाचे त्यालाच प्रथम बाजूस सारले जाते.

चांगल्या यंत्रांत यावर एक तोड असते. चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये आणून, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू असतानाच किल्ली काढावयाची, बाहेर उतरून सर्व दारे लावावयाची आणि मग कळ दाबून इंजिन बंद करावयाचे. त्यानंतर कोणतेही दार उघडले गेले की दुरून सुरू करण्याची परवानगी आपोआप रद्द होते, कारण आत बसून कोणीतरी गिअर टाकला असण्याचा संभव उत्पन्न होतो. ही व्यवस्था नसलेले यंत्र हाताच्या गिअरच्या गाडीस बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मग ते निम्म्या किमतीत मिळो वा फुकट मिळो.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ चा आशय असा की, सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवावयाचे असेल तर चालकाच्या आसनावर परवानाधारक मनुष्य असावा, नाहीतर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा चालकाच्या अनुपस्थितीत गाडी अपघाताने हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. रस्त्याच्या कडेस, गर्दीत, इंजिन धडधडत असलेली रिकामी गाडी ठेवणाऱ्याने ही तजवीज आपण खरोखर केली आहे काय, हे स्वतःस विचारावे. स्वतःच्या वाड्यात वा गोदामाच्या आवारात ठेवलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, पण तेथे दुसरे संकट उभे असते. बंद गॅरेजमध्ये चालणाऱ्या इंजिनाचा धूर प्राणघातक असतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. अमेरिकेत किल्लीवाचून चालणाऱ्या गाड्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चुकून चालू राहिल्यामुळे २००६ पासून दोन डझनांहून अधिक माणसे दगावल्याचे तेथील वृत्तपत्राने २०१८ साली प्रसिद्ध केले होते. खिशातील कळ चुकून दाबली जाणे यात काहीच अशक्य नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद करणारी योजना यंत्रात असलीच पाहिजे.

खर्चाचा हिशेब तर आपण व्यापारी पहिल्याने करतो! उभ्या गाडीचे लहान इंजिन वातानुकूल यंत्रासह चालले तर तासास साधारण पाऊण लिटर इंधन जाते असे धरू. दिवसातून दोन वेळा दहा-दहा मिनिटे, उन्हाळ्याचे शंभर दिवस, म्हणजे तेहतीस तास, अर्थात सुमारे पंचवीस लिटर. रक्कम डोळे पांढरे करणारी नाही, पण जागच्या जागी धूर होऊन गेलेली आहे. त्याऐवजी चारही दारे दोन मिनिटे उघडी ठेवून तापलेली हवा बाहेर जाऊ दिली, मग काचा किंचित खाली ठेवून गाडी चालती केली, तर ती तितक्याच लौकर गार होते. निंबाखालची जागा मिळाली तर प्रश्नच मिटला.

आता जो मुद्दा आमच्या मनास सर्वांत अधिक बोचतो, त्याकडे वळतो. साधुसाध्वींच्या पाच समित्यांत ईर्यासमिती ही पाहून पाऊल टाकण्याची, आणि आदान-निक्षेपण समिती ही पाहून वस्तू उचलण्याची व ठेवण्याची शिस्त आहे. श्रावकास ती त्या कसोटीने पाळता येत नाही हे खरे. तथापि यतना हा शब्द आपल्या घरांत मुलेही जाणतात. पाणी गाळून घेणारे, चूल पेटविण्यापूर्वी सरपण झटकून पाहणारे आपले पूर्वज यंत्रयुगात असते तर गाडी सुरू करण्यापूर्वी त्यांनी काय केले असते? थंडीच्या रात्री मांजर उबेसाठी इंजिनाजवळ जाऊन बसते. पावसाळ्यात, ऐन चातुर्मासात, कुत्र्याची पिल्ले चाकाशी अंग चोरून निजतात. खारी व सरडे बॉनेटच्या आत शिरतात. जवळ जाऊन दार उघडणाऱ्याच्या पावलांच्या आणि दाराच्या आवाजाने त्यांतील निम्मे जीव निघून जातात. तिसऱ्या मजल्यावरून दाबलेली कळ असा कोणताही इशारा देत नाही. पंखा व पट्टा एकदम फिरू लागतात.

हा केवळ आपल्या धर्माचा हळवेपणा नव्हे. जपानमध्ये निसान मोटार कंपनीने २०१५ पासून गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारा, आत मांजर असेल, असा लोकप्रचार चालविला. आपल्याकडे उद्योगपती रतन टाटा यांनी २०२३ च्या पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी व वेग देण्याआधी खाली निवाऱ्यास आलेले प्राणी पाहा, असे जाहीर आवाहन केले होते. जी गोष्ट आपणांस घरातूनच मिळाली आहे ती गाडीच्या सोयीसाठी आपणच विसरावी, हे आम्हांस पटत नाही. कोणास हे यंत्र बसवावयाचेच असेल तर त्याने गाडी नजरेच्या टप्प्यात असता, बॉनेटवर थाप मारून खाली वाकून पाहिल्यानंतरच कळ दाबावी. मग कोणी म्हणेल की एवढे जवळ गेल्यावर किल्लीनेच का सुरू करू नये? आमच्याजवळ त्यास उत्तर नाही.

असे असले तरी दुरून यंत्र सुरू करण्याची कल्पनाच आम्ही त्याज्य मानतो, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. बहादरपूरपासून तापीकाठापर्यंत पसरलेल्या केळीच्या बागांत तिने केवढे उपकार केले आहेत, हे बागाईतदारांस ठाऊक आहे. ज्या नगरीत १६१५ च्या सुमारास कुंडी भंडाऱ्याच्या भुयारी वाटेने सातपुड्याचे पाणी कोणत्याही यंत्रावाचून, निव्वळ उताराच्या बळावर आणले गेले, तिच्याच शिवारात आज एकेका घडासाठी विजेची वाट पाहावी लागते. शेतीस वीज मिळते ती ठरावीक तास, पाळीपाळीने, आणि पुष्कळदा मध्यरात्री. केळीस पाण्याचा खंड सोसत नाही. म्हणून बॅटरी हातात घेऊन, बांधावरील सापविंचवांतून, शेतकरी विहिरीवर जाई आणि तेथे वीज नाही असे पाहून परत येई.

पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ह्या पायपिटीवर ‘नॅनो गणेश’ नावाचे उपकरण तयार केले. पंपाच्या स्टार्टरला ते जोडतात. शेतकऱ्याने घरून मोबाईलवर फोन लावून ठरलेला आकडा दाबला की वीज आहे किंवा नाही ते कळते, आणि असल्यास मोटार सुरू वा बंद करता येते. २००९ साली नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ह्या उपकरणास पारितोषिक मिळाले. पुढे अशा धर्तीची अनेक उपकरणे निघाली व ‘मोबाईल स्टार्टर’ हा शब्द खेड्यापाड्यांत रूढ झाला. वीज येताच आपोआप मोटार चालू करणारा ‘ऑटो’ त्याहून स्वस्त पडतो. पण गावातील सारे पंप एकाच क्षणी सुरू झाले म्हणजे डीपीवर भार येऊन ती जळते, म्हणून वीज कंपन्या त्यास विरोध करतात. मोबाईल स्टार्टरमध्ये निर्णय मनुष्याचा राहतो, हा फरक थोडा नाही. मोटारीचा रिमोट चार पावले वाचवितो, हा मात्र कोसभर रात्र वाचवितो.

अर्थात येथेही बॉनेटच्या खटक्यासारखी एक तजवीज लागतेच. विहिरीवर कोणी पंप दुरुस्त करीत असता घरून कोणी फोन लावला तर अनर्थ ओढवेल. त्यासाठी दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच पाडून फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत. नुसते घरी सांगून ठेवणे पुरत नाही. विहिरीत पाणी नसता मोटार कोरडी चालू नये म्हणून संरक्षक जोडणी घ्यावी, आणि उपकरणातील सिमचे रिचार्ज संपले नाही ना, हे पाहत जावे. सांकेतिक आकडा बाप, दोघे मुलगे आणि सालदार अशा चौघांजवळ असतो. त्यांतील एकजण सुरतेस गेलेला असला, तरी तेथून त्याने लावलेल्या फोनने बहादरपूरच्या शिवारातील मोटार सुरू होऊ शकते.